श्वसनविकाराच्या वेगळ्या रुग्णाचा केस रिपोर्ट कसा लिहावा

१९२४ साली विल्यम कुक या इंग्लिश विकृतिशास्त्रज्ञाने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एकाच रुग्णाविषयी एक छोटा लेख लिहिला. रॉचडेल येथे ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात काम करणारी एक ३३ वर्षांची स्त्री फुफ्फुसे निबर होत जाऊन वारली होती, आणि शवविच्छेदनात तिच्या फुफ्फुसांत कुक यांना त्या खनिजाचे कण सापडले होते. त्यानंतर १९३० मध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांनी कामगारांची रीतसर पाहणी करून अहवाल दिला आणि १९३१ मध्ये ब्रिटनने त्या धंद्यातील धुळीवर नियम लागू केले. कुक यांच्या लेखाचा इतका उपयोग झाला, कारण रुग्ण काय काम करत होती आणि तिच्या श्वासातून काय आत जात होते, हे त्यांनी आजाराच्या वर्णनाइतक्याच काळजीने लिहिले होते. छातीरोग विभागात एम.डी. करणाऱ्या निवासी डॉक्टरांसाठी आणि तालुक्याच्या गावी व्यवसाय करणाऱ्या फिजिशियनसाठी केस रिपोर्टचे, म्हणजे एकाच रुग्णावरील अशा लेखाचे, हे मार्गदर्शन लिहिताना तीच गोष्ट मी केंद्रस्थानी ठेवली आहे. फुफ्फुसाच्या बहुतेक अनोख्या रुग्णांचे रहस्य सिटी स्कॅनच्या आधी रुग्णाच्या घरात, शेतात किंवा कामाच्या जागी दडलेले असते.

प्रथम ठरवावे की रुग्ण कोणत्या अर्थाने वेगळा आहे. आजारच विरळा असू शकतो, जसे पल्मोनरी अल्व्हिओलर मायक्रोलिथियासिस, ज्यात वायुकोशांत कॅल्शियम फॉस्फेटचे वाळूसारखे खडे साचतात आणि छातीचा फोटो वाळूच्या वादळासारखा दिसतो. नेहमीच्या आजाराचे रूप अनपेक्षित असू शकते. एखाद्या औषधाने फुफ्फुसाला इजा केलेली असू शकते. नायट्रोफ्युरँटॉइन, अमिओडॅरोन, मेथोट्रेक्सेट आणि ब्लिओमायसिन ही त्यातली जुनी, ओळखीची नावे आहेत. किंवा ज्याच्याशी संपर्क आल्याने आजार झाला ती वस्तू आजवर कोणाच्या लक्षात आलेली नसते. यांपैकी आपला रुग्ण कोठे बसतो हे एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर लेखणी हाती घेण्याची वेळ अजून आलेली नाही. 'आमच्या विभागात असा रुग्ण पूर्वी आला नव्हता' हे कारण वॉर्डातील चर्चेला पुरते, लेखाला पुरत नाही.

पुढील सारे विवेचन समजण्यास सोपे जावे म्हणून एक काल्पनिक रुग्ण डोळ्यांसमोर ठेवू. समजा, विदर्भातील एका गावची ५२ वर्षांची गृहिणी आहे. तीन वर्षांपासून कोरडा खोकला आणि चालताना धाप. कधी विडी ओढलेली नाही. थुंकीत क्षयाचे जंतू एकदाही सापडले नाहीत, तरी छातीच्या फोटोवर 'डाग' दिसतात म्हणून क्षयाच्या औषधांचे दोन कोर्स होऊन गेले आहेत. पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला की दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी, श्वास आत घेण्याच्या अखेरीस, वेल्क्रोची पट्टी हळूच उघडावी तसा चर्र आवाज येतो. मध्येच एखादी आखूड, बारीक शीळ ऐकू येते. ही शीळ ऐकण्यासाठी पंख्याखालून दूर, शांत खोलीत रुग्णाला सावकाश खोल श्वास घ्यायला सांगावे लागते. गर्दीच्या ओपीडीत ती हटकून निसटते, आणि लहान श्वासनलिकांचा दाह सुचवणारी ही खूण हातची जाते.

अशा रुग्णात हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचा विचार आधी यावा. श्वासातून वारंवार आत जाणाऱ्या सेंद्रिय कणांविरुद्ध, म्हणजे बुरशी, जिवाणू, पक्ष्यांची विष्ठा आणि पिसांवरील प्रथिने यांच्याविरुद्ध, शरीराची प्रतिकारयंत्रणा पेटून उठते आणि फुफ्फुसाच्या जाळीदार भागाला सूज येते. संपर्क चालूच राहिला तर पुढे फायब्रोसिस होतो, म्हणजे फुफ्फुस व्रणासारखे निबर होते. भारतातील २७ केंद्रांनी १९ शहरांतून २०१२ ते २०१५ या काळात नोंदवलेल्या इंटरस्टिशियल लंग डिसीजच्या, म्हणजे फुफ्फुसाच्या जाळीदार भागाच्या आजारांच्या, १०८४ रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४७.३ टक्के रुग्णांचे निदान हेच होते, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचा संपर्क एअर कूलरशी आलेला होता. म्हणजे ज्याला आपण विरळा समजतो तो आजार आपल्याकडे मुळीच विरळा नाही. विरळा आहे तो त्याचा शोध.

इतिहास विचारण्याची रीत

केस पेपरवर 'पक्षी पाळले आहेत का: नाही' एवढीच नोंद असते आणि तिच्यावर विसंबून पुढचे सगळे उभारले जाते. प्रश्नच चुकीचा असतो. मुंबई-पुण्यातल्या इमारतीत राहणाऱ्या माणसाने कबुतर पाळलेले नसते, पण त्याच्या एसीच्या बाहेरील यंत्रामागे चार वर्षे घरटे असते. म्हणून विचारावे की खिडकीच्या सज्जावर कबुतरे बसतात का, घाण कोण झाडते, ओली करून पुसते की कोरडी खरवडते, शेजारच्या गच्चीवर कोणी रोज दाणे टाकते का. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये झालेला वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यामुळे रुग्णही आता या प्रश्नाला चटकन उत्तर देतात.

ग्रामीण रुग्णाला विचारायचे प्रश्न निराळे. मळणीच्या दिवसांत खोकला वाढतो का? भिजलेला कडबा किंवा बुरसलेले भुईमुगाचे वेल कोण हलवते? गुऱ्हाळावर किंवा साखर कारखान्यात काम असेल तर उसाचे जुने, ओलसर चिपाड कोण उपसते? कोंबड्यांच्या शेडमध्ये तूस कोण पसरते? भिंतीला ओल धरून काळी बुरशी आली आहे का, उशीत-गादीत पिसे आहेत का, चूल घरात आहे की बाहेर? धूम्रपान न करणाऱ्यांमध्ये होणाऱ्या सीओपीडीकडे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराकडे, जगाचे लक्ष वेधणारा २००९ चा लॅन्सेटमधील लेख पुण्याचे संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांचा होता. चुलीचा धूर हा त्यातला मोठा विषय होता, आणि आपल्या काल्पनिक गृहिणीच्या बाबतीतही तो प्रश्न सोडता येत नाही.

आता तिच्याकडे वळू. संभाषण असे व्हावे. "मावशी, दम उन्हाळ्यात जास्त लागतो की हिवाळ्यात?" "उन्हाळ्यात. चैत लागला की खोकला सुरू होतो पाहा." "उन्हाळ्यात माहेरी जाता तेव्हा?" "तिकडं बरं वाटतं आठ-दहा दिवस." "माहेरी कूलर आहे?" "नाही जी, तिकडं नुसता पंखा." ही चार उत्तरे कोणत्याही रक्ततपासणीहून मोलाची आहेत. नातेवाइकाला मोबाईलवर कूलरचे फोटो काढून आणायला सांगावे: टाकी, मागची जाळी, आतले गवत किंवा वाळ्याच्या ताट्या, आणि कूलरच्या तोंडापासून खाटेचे अंतर दिसेल असा एक. गेल्या मोसमातले, पाण्याखाली शेवाळून हिरवे-काळे झालेले आणि हातात घेतले की आंबूस वास येणारे गवत तसेच ठेवून एप्रिलमध्ये पुन्हा पाणी भरले जाते, हे फोटोत दिसते, तोंडी सांगण्यात येत नाही. शक्य असेल तर घरी स्वतः जावे. मी हे आग्रहाने सांगतो, कारण एका घरभेटीत जे कळते ते दहा ओपीडींत कळत नाही.

उत्तरे रुग्णाच्या शब्दांत, त्या त्या दिवशीच्या तारखेसह लिहून ठेवावीत. लेख लिहिताना सहा महिन्यांनी आठवून लिहिलेला इतिहास आपल्या निदानाच्या बाजूला नकळत झुकतो.

निदानाची बाजू पक्की करणे

संपादक आणि परीक्षक पहिल्यांदा विचारतील की दुसरे काही नव्हते हे कशावरून. आपल्या रुग्णात सर्वांत मोठा प्रश्न क्षयाचा आहे. पूर्वीच्या दोन्ही वेळी क्षयाचे निदान कशाच्या आधारे झाले, थुंकीची सूक्ष्मदर्शक तपासणी झाली की सीबीनॅट (क्षयजंतूची जनुके शोधणारी चाचणी), याची कागदपत्रे मिळवून तारखांनिशी मांडावीत. कागद मिळत नसतील तर 'रुग्णाच्या सांगण्यानुसार' असे स्पष्ट लिहावे. संधिवाताशी निगडित आजारांसाठी सांधे, त्वचा, तोंडाचा कोरडेपणा आणि थंडीत बोटे पांढरी पडणे यांची चौकशी व संबंधित रक्ततपासण्या कराव्यात. औषधांची यादी तर हवीच, वैद्याकडची आणि मेडिकलमधून परस्पर घेतलेली धरून. एखाद्या औषधाने फुफ्फुसाला इजा होते का हे पाहण्यासाठी फ्रान्समधील दिजाँ येथून चालणारे 'न्यूमोटॉक्स' हे संकेतस्थळ उपयोगी पडते. औषधाचा संशय खरा ठरला, तर लेखाची वाट न पाहता औषध दुष्परिणाम नोंदवणाऱ्या राष्ट्रीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे नोंद करावी. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे.

सिटी स्कॅन मागवताना चिठ्ठीवर 'एचआरसीटी' (पातळ छेदांचा, अधिक बारकावे दाखवणारा स्कॅन) एवढेच लिहून थांबू नये. श्वास पूर्ण घेऊन आणि पूर्ण सोडून अशा दोन्ही स्थितींतील छेद हवेत असे लिहावे, कारण लहान नलिकांत हवा अडकून राहते की नाही हे श्वास सोडल्यावरच कळते, आणि तीच खूण या आजाराला इतर फायब्रोसिसपासून वेगळे काढते. स्पायरोमेट्रीत, म्हणजे यंत्रात फुंकून श्वास मोजण्याच्या चाचणीत, फुफ्फुसाची धारणा कमी दिसली तर तो आकुंचनाचा संशय आहे. तो पक्का करायला फुफ्फुसाचे एकूण आकारमान मोजावे लागते. वायुविनिमयाची चाचणी आणि सहा मिनिटे चालण्याची चाचणी कराव्यात, आणि चालण्याआधीचा, चालताना सर्वांत खाली गेलेला व नंतरचा ऑक्सिजनचा आकडा असे तिन्ही आकडे लिहावेत. ब्राँकोस्कोपीतून (श्वासनलिकेत दुर्बीण घालून) घेतलेल्या लव्हाजमध्ये, म्हणजे फुफ्फुस धुऊन काढलेल्या द्रवात, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे प्रमाण पाहावे. बुरशीविरुद्ध किंवा कबुतराच्या प्रथिनांविरुद्ध रक्तात आयजीजी (एका प्रकारची प्रतिपिंडे) सापडले तर त्याचा अर्थ एवढाच की संपर्क आलेला आहे. संपर्क असूनही आजार न होणारी माणसे पुष्कळ असतात. आजवर वाचलेल्या अनेक केस रिपोर्टमध्ये हीच एक चाचणी निदानाचा खांब म्हणून उभी केलेली मी पाहिली आहे, आणि प्रत्येक वेळी लेख तेथेच लुळा पडला आहे. २०२० मध्ये अमेरिका, जपान आणि लॅटिन अमेरिकेतील वक्ष-संघटनांनी मिळून दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत संपर्काचा इतिहास, सिटीचे चित्र आणि लव्हाज किंवा ऊतक-तपासणी हे तिन्ही एकत्र ठेवून, छातीरोगतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ व विकृतिशास्त्रज्ञ यांच्या एकत्र चर्चेतून निदानाची खात्री किती हे ठरवायला सांगितले आहे. अशी चर्चा झाली असेल तर तिची तारीख आणि तिच्यातले मतभेदही लेखात यावेत.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत अवघड वाटतो. कूलर बंद केला, त्याच दिवशी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडही सुरू केले, आणि दोन महिन्यांत रुग्णाची धाप कमी झाली. गुण कशाने आला? प्रामाणिक उत्तर असे की या मांडणीवरून ते ठरवता येत नाही. आजार सौम्य असेल, ऑक्सिजन टिकून असेल आणि वरिष्ठांची संमती असेल, तर आधी केवळ संपर्क तोडून, ठरलेल्या दिवशी त्याच चाचण्या पुन्हा करून पाहता येते. प्रकृती ढासळत असेल तर पुरावा गोळा करण्यासाठी औषध थांबवणे अक्षम्य आहे. मात्र रुग्णाच्या गतायुष्यात असे प्रयोग आपोआप घडलेले असतात: माहेरी गेल्यावर बरे वाटणे, परतल्यावर पुन्हा त्रास, पावसाळ्यात कूलर झाकला की सुधारणा. त्यांच्या तारखा मिळवाव्यात. मुद्दाम पुन्हा कूलरसमोर बसवून पाहण्याचा विचारही करू नये. आणि कारण शोधण्याची एवढी धडपड लेखासाठी नाही हे ध्यानात असावे. अमेरिकेतील एका केंद्राने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुनाट हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसच्या ज्या रुग्णांमध्ये कारणीभूत पदार्थ सापडला, ते इतरांपेक्षा अधिक काळ जगले असे दिसून आले.

संमती आणि ओळख

प्रकाशनाची संमती ही उपचाराच्या किंवा ब्राँकोस्कोपीच्या संमतीहून वेगळी असते आणि ती वेगळ्या कागदावर, रुग्णाला कळणाऱ्या भाषेत घ्यावी लागते. आपल्या रुग्णाला ती मराठीत वाचून दाखवावी, लेख इंटरनेटवर कोणालाही वाचता येईल व एकदा छापल्यावर मागे घेणे कठीण असते हे सांगावे, तिला घरी विचार करायला वेळ द्यावा आणि एक प्रत तिच्याजवळ ठेवावी. नकार दिल्यास उपचारात काही फरक पडणार नाही, हे वाक्य कागदावर असले तरी तोंडीही सांगावे. ते ऐकल्यावर चेहऱ्यावरचा ताण उतरताना दिसतो. संस्थेच्या नैतिकता समितीला आधीच लेखी विचारावे. एकट्या रुग्णाच्या लेखासाठी मंजुरी लागते की केवळ कळवावे लागते, याचे नियम संस्थेप्रमाणे बदलतात.

नाव गाळले म्हणजे ओळख लपली असे नाही. गाव, वय, व्यवसाय आणि दाखल झाल्याची तारीख एकत्र आली की तालुक्यात ती व्यक्ती कोण हे सांगता येते. तेव्हा गावाऐवजी प्रदेश लिहावा, आणि तारखांऐवजी 'पहिली भेट', 'तिसरा महिना' अशी कालगणना ठेवावी. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी ओढणे पुरेसे मानले जात नाही. क्ष-किरण चित्राच्या कोपऱ्यातील नाव व नोंदणी क्रमांक पुसावेतच, पण मूळ फाईलच्या आत दडलेली माहितीही काढून टाकावी. व्हॉट्सॲपच्या गटावर मत विचारताना हेच नियम लागू आहेत, आणि तेथेच ते सर्वांत जास्त मोडले जातात.

लिहिण्याचे काम

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली 'केअर' ही केस रिपोर्टसाठीची तेरा मुद्द्यांची यादी समोर ठेवून लिहावे. तिच्यातील दोन मुद्दे आपल्याकडे नेहमी सुटतात. एक म्हणजे कालपट. लक्षणे, क्षयाचे दोन कोर्स, उन्हाळे, माहेरच्या भेटी, सिटी आणि उपचार हे सारे एका पट्टीवर तारखेच्या क्रमाने मांडले की वाचकाला कूलर आणि खोकला यांचे नाते आपण न सांगता दिसते. दुसरा म्हणजे रुग्णाचे स्वतःचे म्हणणे. 'दोन वेळा टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, घरच्यांनी ताट वेगळे केले' असे वाक्य कोणत्याही चर्चेपेक्षा उशिरा झालेल्या निदानाची किंमत अधिक स्पष्ट करते.

शीर्षकात आजार आणि वेगळेपण दोन्ही यावे. प्रस्तावना चार-पाच वाक्यांची पुरे. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकातील व्याख्या तेथे नको. रुग्णवृत्त भूतकाळात, घडले त्या क्रमाने लिहावे आणि निदान आधी फोडू नये. चर्चेत तीनच गोष्टी असाव्यात: पूर्वीच्या अशा रुग्णांशी तुलना, आपल्या निदानातील कच्चे दुवे, आणि दुसऱ्या डॉक्टरने उद्याच्या ओपीडीत काय वेगळे विचारावे. 'जगातील पहिलाच रुग्ण' हा दावा शक्यतो टाळावा. करायचाच असेल तर पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीमध्ये कोणते शब्द घालून, कोणत्या तारखेपर्यंत शोधले हे द्यावे. आणि येथे एक कडू गोष्ट मान्य केली पाहिजे. कूलरमुळे झालेला हा आजार भारतात पूर्वीच नोंदलेला आहे, म्हणून आपली काल्पनिक रुग्ण केवळ तेवढ्यावर प्रकाशनयोग्य ठरत नाही. कूलरच्या गवतातून वाढवलेली बुरशी आणि रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे यांचा मेळ बसला असेल, किंवा एकाच कूलरसमोर झोपणाऱ्या दोघांना आजार झाला असेल, तर मात्र सांगण्याजोगे काही आहे. तसे नसेल तर विभागाच्या सभेत रुग्ण मांडावा आणि नोंदवहीत ठेवावा.

लेखक कोण हे लिहिण्यापूर्वी ठरवावे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने प्रत्यक्ष योगदान, मसुद्यात सहभाग, अंतिम मंजुरी आणि मजकुराची जबाबदारी या चारही अटी घातल्या आहेत. विभागप्रमुखपद ही पाचवी अट नाही. नियतकालिक निवडताना इंडियन चेस्ट सोसायटीच्या 'लंग इंडिया'सारख्या, परीक्षकांकडून लेख तपासून घेणाऱ्या नियतकालिकाकडे पाहावे. आठवड्यात स्वीकृती आणि सोबत शुल्काची पावती पाठवणाऱ्या ई-मेलला उत्तर देऊ नये.

नोंदवहीत असे पाच-सहा रुग्ण जमले की मोह होतो तो एकेकटे लेख काढण्याचा. त्याऐवजी व्याख्या आधी लिहून, ठरावीक काळात आलेला प्रत्येक पात्र रुग्ण घेऊन मालिका करावी, नाहीतर बरे झालेलेच तेवढे लक्षात राहतात. मालिकेसाठी समितीची मंजुरी आधी घ्यावी. पुढे उपचारांची तुलना करायची झाली तर २००७ पासून चालू असलेल्या भारताच्या सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदणीत पहिला रुग्ण घेण्यापूर्वी चाचणीची नोंद करावी लागते.

लेख छापून आल्यावर त्याची प्रत रुग्णाला द्यावी आणि त्यात काय लिहिले आहे ते मराठीत वाचून दाखवावे. फायब्रोसिस सुरू झालेल्या रुग्णात संपर्क सुटूनही आजार पुढे सरकू शकतो, म्हणून पुढील भेटींच्या तारखा तिच्या हाती लिहून द्याव्यात. त्यांतली एक फाल्गुनातली असावी, घरात कूलर बाहेर काढायची वेळ येण्याच्या आधीची.